कॉर्डलेस ड्रिल घेताय? आधी भिंत बघा

आधी सांगा, भोकं कशात पाडायचीत? फर्निचरचे स्क्रू, बिजागऱ्या, पडद्याचा लाकडी पेलमेट एवढंच असेल तर १२ व्होल्टचं मशीन पुरतं. हलकं असतं, हात भरून येत नाही. विटांच्या भिंतीत स्क्रूसाठी गिट्टी ठोकायची असेल तर मात्र हॅमर मोड (फिरता फिरता ठोकेही देणारा) असलेलं १८ व्होल्टचंच घ्या. खोक्यावर '२० व्होल्ट मॅक्स' दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नका. ते १८चंच असतं, फक्त पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा आकडा छापलेला.

आणि आरसीसी बीम किंवा कॉलम? तिथे स्वस्तातलं कॉर्डलेस नुसतं किंचाळतं, बिट (पुढची भोक पाडणारी सळई) लाल होतं, भोक अर्धा इंचही जात नाही. त्यासाठी वायरवालं रोटरी हॅमर (काँक्रीटसाठीचं जोरदार ठोक्यांचं ड्रिल) भाड्याने आणा, नाहीतर सरळ इलेक्ट्रिशियनला बोलवा.

खरा खर्च बॅटरीचा. सुटी बॅटरी केवढ्याला मिळते आणि गावात सर्व्हिस सेंटर आहे का, हे आधी विचारा. शंभर नगांच्या 'किट'ला भुलू नका, त्यातली बिटं बहुतेक कचराच. ६ आणि ८ मिमीची चांगली मेसनरी (भिंतीसाठीची) बिटं वेगळी घ्या. लाकडात शिरताना हॅमर बंद ठेवा.