माळ्यावरचा टीव्ही खाली कसा आणावा?

प्रश्न : आमच्या माळ्यावर २१ इंची जुना टीव्ही, बंद पडलेला टेपरेकॉर्डर, दोन मिक्सर आणि डबाभर चार्जर आहेत. मिस्टरांनी एका रात्री टीव्ही गुपचूप गल्लीच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवला. सकाळी सहाला शेजारचे काका तो खांद्यावर घेऊन दारात! 'वहिनी, तुमचा टीव्ही भाईर ऱ्हायलाय.' आता हसतखेळत हे सगळं घराबाहेर कसं काढायचं?
– एक भगिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, त्या काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी फार चांगलं काम केलं.

राजारामपुरीत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळं लोक जुने संच कसे खपवतात ते मला पाठ आहे. सगळ्यांचा आवडता उपाय म्हणजे दुरुस्तीला टाकायचा आणि पुन्हा त्या रस्त्याला फिरकायचंच नाही. असे अकरा टीव्ही माझ्याकडं जमले होते. एका आजोबांना चारदा फोन केला. दर वेळी एकच उत्तर, 'असू दे की, तुमच्याकडं सुखात हाय न्हवं?'

हसू येतंच, पण कोपऱ्यावर ठेवलेल्या टीव्हीचं पुढं काय होतं ते मी डोळ्यानं बघितलंय. पिक्चर ट्यूबच्या, म्हणजे जुन्या टीव्हीतल्या पडद्यासकटच्या मोठ्या काचेच्या नळीच्या, मानेवर तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, आम्ही त्याला योक म्हणतो. तेवढ्यासाठी दगड घालून मान मोडतात. फुस्सकन हवा आत शिरते, पडद्याच्या आतली पांढरट भुकटी उडते. तांबं मोडीत जातं आणि काच जयंती नाल्याच्या काठाला पडते. मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसं असतं, आणि तो नाला पंचगंगेलाच मिळतो. म्हणून टीव्ही अख्खाच द्यायचा. मागचं झाकणही घरी उघडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा ट्यूबमध्ये विजेचा भार राहू शकतो.

आता गमतीचं सांगतो. गेल्या कोजागिरीला आमच्या गल्लीत आम्ही फर्मान काढलं : मसाला दूध पाहिजे असेल तर घरातली एक बंद पडलेली वस्तू घेऊन गच्चीवर यायचं आणि तिची गोष्ट सांगायची. ज्याची गोष्ट भारी, त्याला पहिला पेला. कुणी रुखवतातली इस्त्री आणली, कुणी पाण्याचा हीटर. एका वहिनींनी मिक्सर आणला. त्याचं झाकण उडून छताला लागलेला चटणीचा डाग अजून गेलेला नाही म्हणे! पहिला पेला त्यांनाच मिळाला. तो मिक्सर मी तिथंच उघडला. कार्बन ब्रश झिजले होते, एवढंच. दुसऱ्या दिवशी चालू करून दिला. तुमचेही दोन्ही मिक्सर आधी दाखवून घ्या.

बाकीचं सामान सगळ्यांनी वर्गणी काढून टेम्पोनं नोंदणीकृत रिसायकलरकडं, म्हणजे असं सामान रीतसर सुटं करणाऱ्याकडं, पाठवलं. एकट्याच्या टीव्हीसाठी गाडी परवडत नाही, गल्लीनं मिळून केलं तर जमतं. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत जुन्या मालाची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. तेव्हा नवीन टीव्ही घेताना 'जुना कुठं पाठवणार?' हे दुकानदाराला बिनधास्त विचारा. चार्जर मात्र वायरी जाळून तांबं काढणाऱ्याच्या हाती देऊ नका, तो धूर विषारी असतो.

आणि टेपरेकॉर्डर देण्याआधी कॅसेटचं झाकण उघडून बघा. आमचा टेम्पो गल्लीच्या तोंडाला पोचला होता, तेवढ्यात एक आजी पदर सावरत मागून पळत आल्या. गाडी थांबवून टेपरेकॉर्डर शोधला, उघडला. आत लेकीच्या लग्नातल्या मंगलाष्टकांची कॅसेट होती. आजींनी ती पदरानं पुसली आणि मगच म्हणाल्या, 'जाऊ दे गाडी.'