आदेश कुणाचा चालतो

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबाला, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या मुख्यालयात स्टाफ ऑफिसर म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. जाण्याआधी काय वाचू, असं तू विचारलंस. मॅन्डेट, म्हणजे सुरक्षा परिषदेने मोहिमेला नेमून दिलेलं काम आणि अधिकार, ते वाचच, पण ते दिल्लीच्या प्रशिक्षणात तुझ्याकडून घोटून घेतीलच. मला वेगळ्या गोष्टीवर बोलायचंय. शांतिसेनेत आदेश नेमका कुणाचा चालतो, यावर.

आपल्या पलटणीत सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांचा शब्द शेवटचा. तिथे तसं नसतं. एखादा देश आपली तुकडी संयुक्त राष्ट्रांकडे सोपवतो, तेव्हा फोर्स कमांडरकडे, म्हणजे मोहिमेच्या लष्करी प्रमुखाकडे, फक्त कारवाईपुरता ताबा येतो. शिस्त, शिक्षा, बढती हे सगळं त्या देशाच्याच हातात राहतं. म्हणून प्रत्येक कंटिंजंट कमांडरला, म्हणजे एकेका देशाच्या तुकडीच्या प्रमुखाला, दोन वरिष्ठ आहेत असं धरूनच चाल. सकाळच्या ब्रीफिंगला नकाशासमोर तो ‘येस सर’ म्हणेल आणि व्हरांड्यात जाऊन आपल्या राजधानीला फोन लावेल. तिकडून ‘नको’ आलं, तरी तो तुला सरळ ‘नाही’ म्हणणार नाही. गाडी बिघडलेली असेल, डिझेल पोचलेलं नसेल, रस्ता चिखलाने बंद झालेला असेल. लगेच त्याला भित्रा ठरवू नकोस. त्याचा जवान मेला, तर त्या घराला तोंड दाखवायचंय ते त्याला, न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्र मुख्यालयाला नव्हे.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचं २००० साल नीट अभ्यास. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेने तिथे सहा हजार सैनिकांची मोहीम मंजूर केली. फोर्स कमांडर आपले मेजर जनरल विजय जेटली. महासचिवांचे विशेष प्रतिनिधी ओलुयेमी अदेनिजी नायजेरियाचे आणि डेप्युटी फोर्स कमांडरही नायजेरियाचेच. आता जरा नायजेरियाच्या बाजूने बघ. संयुक्त राष्ट्रांच्या आधी तिथे लढलेल्या पश्चिम आफ्रिकी देशांच्या फौजेचा मुख्य भार त्यांनी वाहिला होता. जानेवारी १९९९ मध्ये राजधानी फ्रीटाउन बंडखोरांकडून परत घेताना त्यांची माणसं मेली होती. आणि आता त्याच भूमीवर बाहेरून आलेला जनरल त्यांना हुकूम सोडणार! ही खदखद कुठल्याही ठरावात लिहिलेली नसते. पण मुख्यालयातल्या प्रत्येक बैठकीत ती हजर असते.

मे २००० मध्ये आरयूएफ (रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट) या संघटनेच्या बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिरक्षकांना ओलीस धरलं. झांबियाची बटालियन नुकतीच उतरली होती. तिला घाईघाईने मकेनी शहराकडे धाडलं आणि तिचे बहुतेक जवान बंडखोरांच्या हाती लागले. संयुक्त राष्ट्रांच्या पांढऱ्या चिलखती गाड्या पुढे बंडखोरच फिरवत होते. जूनमध्ये जर्मनीचे निवृत्त जनरल मॅनफ्रेड आयसेले पथक घेऊन पाहणीला गेले. मुख्यालयात एकजूट नाही आणि मॅन्डेटचा अर्थ सगळ्यांना सारखा कळलेला नाही, असं त्यांना आढळलं. ऑगस्टमध्ये शांतिमोहिमांचा आढावा घेणाऱ्या लखदर ब्राहिमी यांच्या समितीने तर लिहिलं, की काही देश रायफलींशिवाय सैनिक पाठवतात, रायफल असली तर हेल्मेट नसतं.

जेटलींनी मे महिन्यातच एक गोपनीय टिपण लिहिलं होतं. नायजेरियाच्या वरिष्ठांचं हिऱ्यांच्या व्यवहारात बंडखोरांशी संधान आहे, असा त्यात आरोप होता. सप्टेंबरमध्ये ते फुटलं. नायजेरियाने आरोप फेटाळले आणि जेटलींच्या हाताखाली काम करायला नकार दिला. भारताने आपली तुकडी मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये केनियाचे डॅनियल ओपांडे फोर्स कमांडर झाले. आरोपांचा निवाडा करणारा मी कोण? मला सलतं ते हे, की फोर्स कमांडर आणि त्याचे सर्वांत जवळचे सहकारी यांच्यातलं बोलणं इतकं तुटलं होतं, की खरं मत फक्त कागदावर उतरत होतं. मुख्यालयातला कागद आज ना उद्या फुटतोच. ज्याच्याबद्दल लिहितोस त्याच्यासमोर वाचून दाखवता येईल, एवढंच लिही. बाकीचं त्याला दार लावून तोंडावर सांग.

पण त्याच मोहिमेत, त्याच कडवटपणात, जुलैच्या मध्यावर ऑपरेशन खुकरी झालं. कैलाहुन गावात भारताच्या दोन कंपन्या अडीच महिने वेढ्यात अडकल्या होत्या. त्यांना बाहेर काढताना ब्रिटिशांची चिनूक हेलिकॉप्टरं होती, आणि भारतीय जवानांच्या जोडीला घाना आणि नायजेरियाच्या तुकड्याही होत्या. हो, नायजेरियाच्याही. काम स्पष्ट होतं आणि आपल्याला नेमकं काय करायचंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून ते जमलं, असं माझं ठाम मत आहे. मोघम आदेशातच पळवाटा सापडतात.

तू जिथे जातोयस तिथलंही ऐकून ठेव. जुलै २०१६ मध्ये जुबात लढाई पेटली, तेव्हा चीन, इथिओपिया, नेपाळ आणि भारत अशा चार देशांच्या तुकड्या तिथे होत्या, पण एका कमांडखाली त्या कधी लढल्याच नाहीत. त्यांना मिळणारे आदेशही एकमेकांशी जुळत नव्हते. ११ जुलैला दक्षिण सुदानच्या सरकारी सैनिकांनी टेरेन हॉटेलात घुसून एका पत्रकाराला ठार मारलं, स्त्रियांवर बलात्कार केले. तिथले लोक मदतीसाठी फोन करत राहिले. संयुक्त राष्ट्रांचा तळ जेमतेम सव्वा किलोमीटरवर होता. कुणीही गेलं नाही.

डच जनरल पॅट्रिक कॅमार्ट यांच्या चौकशीनंतर केनियाच्या फोर्स कमांडरला काढलं. ते येऊन काही आठवडेच झाले होते. दोष व्यवस्थेचा असताना एकट्याचा बळी दिला, असं म्हणत केनियाने आपले सैनिक परत बोलावले. मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. ते आठवडे थोडे होते हे खरं, पण कोण कुणाचं ऐकणार हे संकटाआधीच ठरवून घ्यायचं असतं, आणि ते त्यांच्याआधीही कुणी ठरवलेलं नव्हतं. त्या अहवालात आपलंही नाव आहे. वाचताना आपल्या तुकडीची वकिली करू नकोस.

आता तुझ्यापुरतं. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक तुकडीत जा, त्यांच्या मेसमध्ये त्यांचंच जेव. कमांडरला एकट्याला गाठून विचार, की घरी विचारल्याशिवाय तुम्ही काय करणार नाही? विश्वास बसला की तो सांगेल. गाड्या कागदावर किती आणि सुरू होतात किती, हे स्वतः किल्ली फिरवून बघ. वायरलेस रात्रीचा तपास. सापडेल ते तुझ्या साहेबांना सांग, आवडो वा न आवडो. रात्री दोन वाजता कुणी मदत मागितली, तर कुठली तुकडी निघणार, कुणाच्या परवानगीने आणि किती मिनिटांत, याचं उत्तर महिन्याभरात सगळ्या कमांडरांच्या सह्यांनिशी ऑपरेशन्स रूमच्या भिंतीवर लागलेलं असू दे.

पोचल्यावर कळव. नेपाळच्या कमांडरशी बोलणं झालं, की आधी त्याबद्दल लिही.

तुझा,
काका