२० नग आणि एक स्टेटस

प्रश्न : निपाणीत माझे ब्यूटी पार्लर आहे. केस सुकवता सुकवता कुरळे करणारा, मोटरवर फिरणारा ब्रश मी बेतला; चित्रे दिरांनी काढली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याकडून २० नग करून घेतले. आता हुबेहूब तोच ब्रश कोल्हापुरात विकला जातोय. नोंदणी काहीच केली नव्हती. कारखानदार विचारतो, ‘तुमच्याकडे कागद काय?’ दावा कुठे लावायचा?

उत्तर : ताई, कारखान्याकडून माल घेतल्याची तुम्ही पाठवलेली चलने (डिलिव्हरी चलन) पाहून बरे वाटले. मग तुमचे व्हॉट्सअॅप स्टेटस पाहिले आणि कपाळाला हात लावला.

२०००च्या डिझाइन कायद्यात नोंदले जाते ते फक्त डोळ्यांना दिसणारे रूप : मुठीचा बाक, दात्यांची मांडणी, मागची जाळी. हे रूप अर्जाआधी जगजाहीर झालेले चालत नाही. कारखानदाराला विश्वासाने दाखवलेत, त्याने घात केला, एवढे कलम १६ पोटात घालते. पण ऐन लग्नसराईत तुम्हीच स्टेटसवर ब्रश चारी बाजूंनी फिरवून सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलात! आता त्या रूपाच्या नोंदणीवर पैसे घालू नका. नोंदणी मिळाली तरी समोरचा कलम १९ खाली ती रद्द करायला जाईल.

तरीही कागद आहे. दिरांची चित्रे. कॉपीराइटला नोंदणी लागत नाही. गोम आहे ती १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये : नोंदवता येण्याजोगे डिझाइन न नोंदवता वस्तू ५०पेक्षा जास्त वेळा कारखान्यात बनवली, की हक्क संपला. मात्र मोजायच्या त्या मालकाने किंवा त्याच्या परवानगीने बनवलेल्या वस्तू. तुमच्या चलनांवर २०च आहेत; चोरून केलेले कितीही असोत, ते तुमच्या खात्यावर पडत नाहीत. तेव्हा दुसरीकडून ‘आणखी चाळीस’ करून घ्यायचा मोह आवरा. आणि चित्रांचे मालक आज दीर आहेत, तुम्ही नाही. त्यांच्या सहीने लेखी हस्तांतर करून घ्या. घरातल्या घरात कशाला, असे म्हणणाऱ्यांचेच खटले मी जास्त पाहिलेत.

कॉपीराइटचा दावा कलम ६२ प्रमाणे तुमचा धंदा जिथे आहे तिथे लावता येतो. निपाणी आणि उद्यमबाग दोन्ही बेळगाव जिल्ह्यात, मग कोल्हापूरला खेटे कशाला? त्यातच विश्वासभंगाची मागणीही जोडू.

केस गुंतला की ब्रश उलटा फिरतो, ती आतली करामत डिझाइनमध्ये बसत नाही. तो पेटंटचा विषय. नुसते मोटरवर फिरणे जुनेच, तसे ब्रश बाजारात कधीचे मिळतात. स्टेटसमध्ये आतले काही दिसत नाही, हे नशीब. विश्वासघाताने झालेल्या प्रसिद्धीला पेटंट कायद्याचे कलम २९ थोडी सवलत देते, पण कळल्यावर अर्जाला उशीर लावलात किंवा आधीच धंद्यात वापर केलात तर ती जाते. म्हणून खरे सांगा : गिऱ्हाइकांकडून पैसे घेऊन वापरलात, की नुसती चाचणी केलीत? वाट अरुंद आहे. तात्पुरता अर्ज याच आठवड्यात करू, सविस्तर १२ महिन्यांत. कर्नाटकासाठी पेटंट कार्यालय चेन्नईचे, अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत; कन्नड की मराठी हा आपला नेहमीचा वाद तिथे नाही.

येताना कोल्हापुरातून एक ब्रश पक्क्या बिलावर विकत आणा. खोका फोडू नका.