शंका-समाधान : कोंबडीच्या पिल्लांसाठी घरच्या घरी ब्रूडर (ऊब देणारी सोय)

प्रश्न : डिसेंबरात गिरीराजा जातीच्या कोंबडीची 100 पिल्ले आणणार आहोत. तयार ब्रूडर न घेता घरीच करायचा आहे. माप आणि साहित्य सांगावे. (एक वाचक, अकोले)

उत्तर : छत्री (दिवे लावलेले, वर टांगायचे पत्र्याचे झाकण) अडीच फूट लांब-रुंद आणि पिल्लांभोवतीचे गोल कुंपण सहा फूट व्यासाचे, हे माप धरा. छत्रीच्या कडेने पावणेदोन फूट मोकळी जागा उरते. ती वाया जाते असे समजू नका, उकडायला लागले की पिल्लू तिथेच सरकते. आयता चौकोनी खोका मात्र वापरू नका. थंडी वाजली की पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

गोलासाठी दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा 20 फूट लागेल. परिघ सुमारे 19 फुटांचा, उरलेला फूटभर एकावर एक चढवून क्लिपा लावायच्या. चौथ्या दिवसापासून गोल थोडा थोडा वाढवता यावा म्हणून तो खिळ्यांनी पक्का करू नका.

छत्रीला तेलाचे 15 किलोचे तीन रिकामे डबे पुरतात. उकलून, धुऊन, चकचकीत बाजू खाली ठेवून पत्रे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ठोका आणि कडा खाली वळवून बोथट करा. आत चिनी मातीचे चार होल्डर लावा, प्लॅस्टिकचे होल्डर उष्णतेने वितळतात. त्यांत 60 वॅटचे चार जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब. थंडीत पिल्लामागे दोन वॅट हा हिशेब असतो, म्हणजे 200 वॅट लागतात आणि थोडे हाताशी राहतात. 200 वॅटचा एकच दिवा लावला आणि तो रात्री दोनला उडाला, तर सकाळपर्यंत काही उरत नाही. चारांतला एक उडाला तर तिघांवर रात्र निघते. एलईडी दिव्याचा इथे उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. दोन-दोन बल्बना वेगळे बटण ठेवा, म्हणजे दुपारी निम्मे बंद करता येतात. चारही अखंड चालले तर दिवसाला पावणेसहा युनिट वीज लागते.

पत्र्याला अर्थिंगची तार जोडाच. छत्री साखळीने वाशाला टांगा, विजेच्या वायरवर कधीही लोंबकळू देऊ नका. त्याशिवाय एक जास्तीची तार सैलसर बांधून ठेवा, कारण साखळी निसटून तापलेला बल्ब तुसात पडला तर आग लागते.

खाली भाताचे कोरडे तूस तीन इंच पसरा, साधारण दोन पोती लागतील. त्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद घाला, पण गुळगुळीत नको. वर्तमानपत्र चुरगाळून, पुन्हा उलगडून अंथरा. घसरत्या कागदावर पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि ती मग उभी राहत नाहीत.

पिल्ले येण्याच्या 24 तास आधी दिवे लावा. वरची हवा तापली तरी तूस गार असते आणि पिल्लाचे पोट तुसालाच टेकलेले असते. थर्मामीटर छत्रीच्या कडेखाली, तुसापासून दोन इंचांवर टांगा. पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. बल्ब सुरुवातीला तुसापासून सव्वा फुटावर ठेवा आणि साखळीची कडी बदलून वर-खाली करा.

पिल्ले आली की आधी पाणी द्या, लिटरला 50 ग्रॅम गूळ घालून, तेही फक्त पहिले काही तास. चार-पाच पिल्लांची चोच पाण्यात बुडवा, बाकीची बघून शिकतात. भांड्याच्या कडेच्या पन्हाळीत खडे टाका, नाहीतर पिल्ले भिजतात आणि भिजलेले पिल्लू दिव्याखालीही गारठते. पाणी थेट बल्बखाली नको. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा आणि दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर (लहान पिल्लांचे तयार खाद्य).

प्रश्न : चारही दिवे चालू असून पिल्ले एका बाजूला गोळा होतात. रोज सकाळी तीन-चार मेलेली असतात. चारही बाजूंनी प्लॅस्टिक लावले, तर आता आत डोळे चुरचुरतात. (एक वाचक, आजरा)

उत्तर : सगळी दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी. सगळी कडेला, पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर जास्त. एकाच बाजूला सरकली तर समोरून वाऱ्याची झुळूक येते आहे. पेटवलेली उदबत्ती तुसापासून चार बोटांवर धरून गोलाभोवती फिरवा. धूर जिथे आडवा होईल तिथली फट बुजवा, बहुतेक वेळा ती दाराखाली किंवा भिंत आणि पत्रा मिळतो तिथे असते.

चुरचुरणे अमोनियाचे आहे. ओल्या विष्ठेतून तो निघतो आणि प्लॅस्टिकमुळे कोंडतो. पडदा खालून वर बांधा आणि वर फूटभर कायम उघडा ठेवा. भांड्याभोवतीचे ओले तूस रोज उचला, तिथेच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. विष्ठेत रक्त दिसले तर पशुवैद्यांना त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : रात्री वीज जाते. कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का? (एक वाचक, जव्हार)

उत्तर : बंद खोलीत अजिबात नको. धूर थांबून निखारे लाल झाले तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला वास नाही, पिल्लांबरोबर राखणीला झोपलेला माणूसही जातो. धुराडे बाहेर काढलेली बुखारी (बंद शेगडी) असेल तरच कोळसा वापरा. इन्व्हर्टर असेल तर दोनच दिवे ठेवा. 150 अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर 120 वॅट सात-आठ तास निघतात. तेही नसेल तर गरम पाण्याचे घट्ट झाकणाचे कॅन गोणपाटात गुंडाळून छत्रीखाली ठेवा, वरून छत्रीवर पोते टाका आणि दोन तासांनी पाणी बदला.

प्रश्न : तुसाऐवजी लाकडाचा भुसा चालेल का? (एक वाचिका, सावंतवाडी)

उत्तर : रंध्याच्या सालपटांना हरकत नाही. करवतीचा बारीक भुसा पहिला आठवडा तरी टाळा, पिल्ले खाद्य समजून तो टिपतात आणि तो गळ्याखालच्या पिशवीत अडकतो.