विरजण परत का करत नाहीत?

प्रिय ईरा,

तुझा प्रश्न वाचला. साखर वाटीभर उसनी आणली तर आजी वाटी शिगोशीग भरून परत पाठवते, मग शेजारच्या काकूंकडून आणलेलं विरजण का परत करत नाही? आणि त्याला जोडून, शाळेतलं द्विविभाजन आणि ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतलं विखंडन एकच का?

आधी विरजण. चमचाभर देऊन काकूंचं काही कमी होत नाही, कारण रात्री त्यांच्याही पातेल्यात तेच चालू असतं. कोमट दुधात दह्याचा जिवाणू लांबतो, स्वतःच्या डीएनएची प्रत काढतो, मधे भिंत घालतो आणि एकाचे दोन होतात; हेच तुझं शाळेतलं द्विविभाजन. दोघेही अगदी पहिल्यासारखे. असं दहा वेळा झालं की एकाचे १०२४, वीस वेळा झालं की दहा लाखांवर. हे सगळे दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दूध विरजतं. चेंबूरच्या मे महिन्यात दुपारपर्यंत दही लागतं. इथल्या थंडीत मी पातेलं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवते, तरी कधीकधी सकाळी दूध ते दूधच!

विखंडन होतं ते अणूच्या केंद्रकाचं, म्हणजे मधल्या गाभ्याचं, आणि ते वेगळं. युरेनियम-२३५मध्ये संथ न्यूट्रॉन, म्हणजे विद्युतभार नसलेला कण, शिरला की केंद्रक ताणलं जातं आणि फाटतं. वरवर पेशीसारखंच, म्हणून तर १९३९ साली ऑटो फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांनी विल्यम अरनॉल्ड या जीवशास्त्रज्ञाला विचारून पेशी-विभाजनाचंच ‘फिशन’ हे नाव याला दिलं. पण तुकडे बघ. एक बेरियमचा, दुसरा क्रिप्टॉनचा, नाहीतर आणखी कुठलीतरी जोडी. युरेनियम त्यात उरतच नाही. वाढतात ते न्यूट्रॉन, दर फुटीला सरासरी अडीच. ते मोकाट सुटू नयेत म्हणून भट्टीत न्यूट्रॉन शोषणारे दांडे असतात. त्यांनी इतकंच साधायचं, की एका फुटीतून पुढची एकच फूट व्हावी. ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली, तीही याच तत्त्वावर. दह्याला दांडे लागत नाहीत, आंबटपणा वाढला की जिवाणू आपणच मंदावतात. भट्टीत मात्र इंधन संपत जातं, नवं घालावंच लागतं.

म्हणून साखरेचा हिशेब असतो, विरजणाचा नसतो. आपलं दही फार आंबट व्हायला लागलं, किंवा आजी गावाला गेल्यावर तू सगळंच चाटूनपुसून संपवलंस, तर सरळ काकूंकडे जा. त्यांचं नासलं की त्या आपल्याकडेच येतात. वाटी तेवढी परत द्यायची, आणि रिकामी नाही हं. आजी लाडू, चिवडा काय घालेल ते घेऊन जा.

तुझी,
आई