वॉटरकलरमधलं ते गवताचं बदक म्हणजे नक्की काय, आणि त्याचा अर्थ काय?

चित्र मी पाहिलेलं नाही, पण ‘गवताचं बदक’ या वर्णनावरून तरी तो अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेतला डिकॉय वाटतोय, म्हणजे खरी बदकं खाली उतरावीत म्हणून पाण्यावर तरंगत ठेवायचं खोटं बदक. 1924 मध्ये तिथे असे 11 सापडले, साधारण 2000 वर्षांपूर्वीचे, आणि चटईत गुंडाळून नीट पुरून ठेवलेले! टुली नावाचं लव्हाळ्यासारखं पाणगवत वाकवून, बांधून अंग बनवायचं, मग डोकं तांबूस नि छाती काळी रंगवायची आणि अंगावर पांढरी पिसं खोचायची, की झाला कॅनव्हासबॅक बदकाचा नर. चित्रात बघा, पिसांच्या जागी बहुतेक कोरा कागदच सोडलेला असेल, वॉटरकलरमध्ये पांढरा सहसा असाच मिळतो आणि या विषयाला तो फार शोभतो.

प्रतीक म्हणाल तर लोक पटकन ‘फसवणूक’ म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्याने बदकाची मान, रंग, पाण्यावर बसायची ढब इतकी बारकाईने पाहिलीये त्याचं त्या दलदलीशी नातंच होतं, आणि पुढच्या हंगामासाठी जपून ठेवणं म्हणजे पक्षी परत येणार हा भरवसा. तिथल्या नॉर्दर्न पायूट या मूळनिवासी समाजाचे कारागीर हे डिकॉय आजच्या काळातही बनवत आलेत, त्यामुळे त्यांच्यासाठी ही नुसती म्युझियममधली वस्तू नाहीये.