प्रलयपट पाहताना हसू येते, यात गैर काय?

प्रश्न : चित्रपटगृहात प्रलयपट पाहताना शहरेच्या शहरे कोसळतात आणि मला मनापासून हसू येते. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले होते, त्यामुळे सासूबाईंना माझे हसणे खटकते. हा असंवेदनशीलपणा आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही. आपण हसता ते माणसांच्या दुःखाला नव्हे, तर अचाट अतिशयोक्तीला. दिग्दर्शक रोलांड एमेरिक यांचा २००९ सालचा ‘२०१२’ हा चित्रपट घ्या. सूर्याकडून आलेल्या न्यूट्रिनो कणांमुळे पृथ्वीचा गाभा तापतो, असे त्यात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात हे कण दर सेकंदाला अब्जावधींच्या संख्येने आपल्या शरीरातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एकदा ही थाप मान्य केली, की लॉस एंजेलिसचे रस्ते मागे दुभंगत असताना कोसळत्या इमारतीतून सुसाट निघणारी लिमोझिन पाहून टाळी वाजवावीशी वाटते, आणि ती खुशाल वाजवावी.

कृष्णेचा पूर असा नसतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी फुटाफुटाने चढत जाते, लोक रात्रभर त्या आकड्याकडे डोळे लावून बसतात आणि पाणी ओसरल्यावर घरातला गाळ उपसण्यात दिवस जातात. तिथे कोणी नायक वेळेवर पोचेल याची खात्री नसते; पडद्यावर ती असते, म्हणूनच मन मोकळे होते. सासूबाईंना लाटांची दृश्ये सहन होत नसतील, तर त्यांना सोबत येण्याचा आग्रह मात्र करू नये. आपण अवश्य जावे, आणि शक्यतो मोठ्या पडद्यावरच पाहावे, कारण घरच्या टीव्हीवर हे चित्रपट निम्मे फिके पडतात.